पोळ्याला आलेला पुतळा

आमच्या गावच्या बाजारचौकात पिंपळाजवळ एक दगडी खांब आहे. त्याला कुणी शेळी बांधतं, कुणी निवडणुकीचं कापड बांधतं आणि पोळ्याच्या दिवशी तोरणाचं एक टोकही त्यालाच बांधतात. नवीन माणूस आला की विचारतो, हा कशाचा खांब? लोक माझ्या घराकडे बोट दाखवतात, "मास्तरले विचारा." मी आजवर कुणालाच धड उत्तर दिलेलं नाही. खांबावर जे कोरलंय ते वाचून दाखवतो आणि चहाला बसा म्हणतो. आता ज्यांना वाईट वाटलं असतं त्यांच्यापैकी कुणी उरलं नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

आमचं गाव आष्टीच्या वाटेवर. बेचाळीसच्या ऑगस्टात आष्टीकडे जे पेटलं त्याची झळ आमच्यापर्यंत आली. एके सकाळी चौकात पिंपळाखाली माणसं जमली, झेंडा लागला, पोलीस आले आणि गोळी चालली. त्यात एकच जण गेला. तो माझ्या वर्गातला होता, अठरा-एकोणीस वर्षांचा. मी त्या दिवशी वडनेरला मामाकडे होतो, आणि तिथं असल्याबद्दल पुढं कैक वर्षं मला स्वतःचा राग येत असे. प्रेत पोलिसांनी लारीत घालून नेलं. कुठं जाळलं ते त्याच्या आईला कुणी सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं तरी सांगणारं कुणी नव्हतं.

स्वातंत्र्याला आठ वर्षं झाली तेव्हा गावाला आठवण झाली की चौकात काहीतरी उभं करायला हवं. तेव्हा आम्ही मध्यप्रदेशात होतो आणि राजधानी नागपूर होती. एक समिती नेमली गेली. अध्यक्ष मालगुजार, म्हणजे गावचे जुने जमीनदार. मालगुजारी कायद्यानं गेली होती, पण त्यांना त्याच नावानं हाक मारायची सवय गावाची गेली नव्हती आणि त्यांचीही. दुसरे आमच्या शाळेचे हेडमास्तर, तिसरा मी. मी शाळेत ड्रॉइंग शिकवायचो. पेरू आणि लोटा यांच्यापलीकडे माझी कला कधी गेली नव्हती, पण "चित्राचं मास्तरले समजते" असं मालगुजार म्हणाले आणि विषय संपला.

चौथ्याच दिवशी त्याची आई आमच्या ओसरीवर आली. आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. नवरा आधीच गेलेला, दोन एकरांचा तुकडा ती स्वतः वाहायची. मी तिला मावशी म्हणत असे. पदरानं तोंड पुसून ती ओसरीच्या खांबाला टेकून बसली.

"बाबू, चौकात माह्या पोराचा पुतळा बसवून राह्यले म्हणते. खरं होय काय?"

"विचार चालू हाय, मावशी."

"मंग तोंड त्याचंच पाह्यजे. दुसऱ्या कोणाचं नोको. फोटू तं नाई त्याचा. तू त्याच्या संग शिकला, तुले ध्यानात असंल. तू कागदावर काढून देजो त्या कारागिराले."

मी "हो" म्हणालो. इतकं सहज म्हणालो की त्याची अजून लाज वाटते.

त्याचा फोटो खरंच नव्हता. शाळेत एकदा फोटोवाला आला होता, पण त्या दिवशी तो शेतात डवरणीला गेला होता. ती गेल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. लांबट चेहरा काढला, तो आमच्या पोस्टमनचा झाला. गोल काढला, तो कुणाचाच झाला नाही. चार वर्षं आम्ही एका वर्गात होतो. तरटपट्टीवर तो पुढं बसायचा आणि मी त्याच्या मागं. त्याचा आवाज मला आठवत होता. पाढे म्हणताना एकोणिसाला अडखळायचा तेही. शिक्षक मारायला आले की आधीच हात पुढं करायचा, आणि कानावर पेन्सिल अडकवून ती सबंध वर्गात शोधत फिरायचा. सगळं आठवत होतं, पण चेहरा आठवेना. डोळे मिटून पाहिलं, उघडून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. मी घाबरलो. माणूस आपल्यासाठी मरतो आणि तेरा वर्षांत आपण त्याचं तोंड विसरतो, आणि तेही चित्रं काढून पोट भरणारा माणूस, हे मला स्वतःशीच कबूल करवेना.

मग टाळाटाळ सुरू झाली. ती विहिरीवर भेटे, बाजारात भेटे, आणि दर खेपेला विचारी.

"काढलं काय, बाबू?"

"काढून राह्यलो, मावशी."

"घाई नोको करू. नीट काढजो."

बाजारात ती दिसली की मी मिरच्यांच्या ढिगाआडून वळसा घालून जायला लागलो. आमच्या बाजारात मिरच्यांच्या ढिगाला वळसा घालणं सोपं नाही, शिंकत शिंकत पळावं लागे.

दोनेक महिन्यांत तीन नमुने आले. शाळेच्या मोठ्या खोलीत टेबलावर ते मांडले होते. पहिला म्हणजे नागपूरच्या एका दुकानाच्या छापील पुस्तकातलं चित्र होतं. संगमरवरी पुढारी, हातात काठी, खाली लिहिलेलं की मस्तक मागणीप्रमाणे बसवून मिळेल. दुसरा आमच्याकडच्या ओव्हरसियरनं काढलेला खांब. चौरस चबुतरा, वर निमुळता दगड, मोजमापं अचूक. तिसरा एका लाकडी खोक्यात गवतात गुंडाळून आला होता. तो मुंबईला शिकलेल्या आणि आता नागपुरात राहणाऱ्या एका तरुण शिल्पकारानं पाठवला होता. मी खोकं उघडलं, गवत काढलं आणि ती वीतभर पांढरी आकृती टेबलावर उभी केली.

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

उभा माणूस होता, म्हणजे असावा. पाय जमिनीतून निघाल्यासारखे जाड, वर जाता जाता अंग बारीक होत गेलेलं. छातीच्या जागी खळगा, इतका खोल की त्यात अंगठा बसेल. दोन्ही तळहात पुढं केलेले आणि ते अंगाच्या मानानं फार मोठे. डोकं होतं, पण डोक्याला तोंड नव्हतं. नाक, डोळे, ओठ काही नाही. अंड्यासारखं गुळगुळीत.

मालगुजारांनी तो उचलून मागूनपुढून पाहिला.

"याचं तोंड कोठी गेलं? रस्त्यात पडलं काय?"

मी म्हणालो, "तोंड नाहीच त्याला."

"काऊन नाई? पैशात बसलं नाई काय?" मग छातीत अंगठा घालून म्हणाले, "आन हे काय होय? दिवा ठेवाचा कोनाडा? चांगलाच नमुना धाडला बाप्पा, धाडणारा त्याच्याहून मोठा नमुना असंल."

हेडमास्तर हसले नाहीत. ते खरोखर हादरले होते. म्हणाले, "हुतात्म्याची ही विटंबना आहे. मुलं घाबरतील." मीही हादरलो होतो, पण माझं कारण वेगळं होतं. मारायला आलेल्या शिक्षकापुढं तो हात करायचा ते तसेच हात होते. त्या नागपूरच्या पोरानं त्याला कधी पाहिलेलंही नव्हतं. 

आणि त्याच्या पाठोपाठ, तितक्याच लवकर, दुसरा विचार आला. तोही लिहून ठेवतो, कारण तो लपवला तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. या पुतळ्याला तोंड नसेल तर मला तोंड काढून द्यावं लागणार नाही.

मग मी जे भाषण केलं तसं आयुष्यात पुन्हा केलं नाही. म्हणालो, तोंड कोरलं तर तो एकाचाच होतो, न कोरलं तर सगळ्यांचा होतो. आता नवीन काळ आहे, नवीन देश आहे, दुकानातून मस्तक बसवून आणायचे दिवस गेले. हेडमास्तर माझ्याकडे पाहत राहिले. मालगुजारांनी पान लावलं, तोंडात घातलं आणि म्हणाले, "गावाले दाखवू. गाव म्हणंन तसं."

मी शिल्पकाराला पत्र घातलं. त्याचं उत्तर आलं की नमुना हातात घेऊन काही कळत नसतं, तो जागेवर पाहिला पाहिजे. बांबू, तणसाचा पेंढा आणि बारदान यांवर प्लास्टर थापून तो खऱ्या उंचीची कच्ची आकृती करून आणेल, आठ दिवस चौकात उभी ठेवू, लोकांना त्याच्याभोवती फिरू द्या. कधी आणू, एवढंच त्यानं विचारलं होतं. मी विचार केला, सगळं गाव चौकात कधी असतं? आणि फार मोठी अक्कल चालवल्यासारखं लिहून टाकलं, पोळ्याला आणा.

दवंडीचा मजकूर मीच लिहून कोतवालाला दिला. 'नागपूर येथील कलावंताने तयार केलेल्या पुतळ्याचा नमुना पोळ्याच्या दिवशी चौकात आणला जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता अध्यक्षांच्या हस्ते अनावरण होईल.' कोतवालाला कलावंत आणि अनावरण हे दोन्ही शब्द जड गेले असावेत. तो गल्लीगल्लीतून ओरडत गेला ते मी शाळेतून ऐकलं, "पोळ्याले नागपूरचा पुतळा येऊन राह्यला होऽऽ! सकायी त्याचा कारेक्रम हाय होऽऽ!" मला वाटलं, आटोपशीर सांगतो आहे.

मावशीनंही ते ऐकलं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी तिनं मला वाटेत गाठलं.

"आला म्हणते पुतळा."

"उद्या येते, मावशी."

"तोंड देल्लं ना तू काढून?"

मी म्हणालो, "हा कच्चा हाय. तोंडाचं मागून पाहू." ती मान हलवून गेली. तिचा माझ्यावर विश्वास होता.

पोळ्याच्या दुपारी बंडी आली. आर्वीपर्यंत रेल्वेनं आणि तिथून बैलाच्या बंडीत, असा तो आडवा प्रवास करून आला होता. पोत्यांत शिवलेला, सुतळीनं बांधलेला, आणि बंडीच्या मागं चालत, धुळीनं माखलेला तो तरुण शिल्पकार. आम्ही सात-आठ जणांनी मिळून तो पिंपळाजवळ उभा केला. पोती काढायची नाहीत असं ठरलंच होतं. तेवढ्यात सजवलेले बैल तोरणाखाली यायला लागले. शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली, घुंगरांचा आवाज. पोळा भरला आणि पोळा फुटला. माणसं बैल घेऊन घरी जाताना त्या पोत्यांतल्या आकृतीपाशी थांबत होती.

"नागपूरचा होय काय?"

"हो, नागपूरचा," शिल्पकार आनंदानं सांगत होता.

"उंची मस्त हाय. अंदर काय हाय?"

"बांबू आणि तणस."

"वाऽ, बेस केलं," माणूस समाधानानं मान हलवी आणि पुढं जाई.

मी शिल्पकाराला म्हणालो, पाहा, लोकांना रस आहे. त्याचे डोळे भरून आले होते. इतक्या बारकाईनं मुंबईतही कुणी विचारत नाही, असं तो म्हणाला. त्याला मालगुजारांच्या घरी झोपायला धाडून मी पुरणपोळ्या चेपायला घरी गेलो.

आता जे आमच्याकडचे नाहीत त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मारबत काढतात. घराघरातली माणसं पळसाच्या डहाळ्यांनी घराचे कोपरे झोडपतात, ढेकूण, डास, खोकला, रोगराई सगळ्यांना 'घेऊन जाय गे मारबत' म्हणत घराबाहेर हाकलतात आणि त्या डहाळ्या गावाच्या शिवेवर नेऊन टाकतात. सोबत एक बडग्या असतो. बांबू, तणस आणि फाटक्या कपड्यांचा पुतळा. त्याच्या गळ्यात जुनी खेटरं, तुटके झाडू अडकवायचे, वाटभर शिव्या द्यायच्या आणि शिवेवर जाळून टाकायचा. वर्षाची सगळी पिडा त्याच्याबरोबर जाते. आमचा बडग्या गावातली जाणती माणसं करून पोळ्याच्या दिवशी चौकात ठेवत. आणि मारबत नि बडग्यांचं गाव कोणतं, असं विचारलं तर आमच्या मुलुखात कुणीही सांगेल, नागपूर. त्या वर्षी गावात कुणी बडग्या केला नव्हता. नागपूरहून पुतळा येणार म्हणून दवंडी पिटली होती, मग कशाला करतील? मी याच गावात जन्मलो, लहानपणापासून बडग्याला शिव्या देत आलो, आणि तरी हे माझ्या डोक्यात शिरलं नाही.

पहाटे गलका ऐकला तेव्हा मी अंथरुणातच होतो. दरवर्षीचाच गलका. बायकोनं कोपरे झोडपले, डहाळी घेऊन ती बाहेर गेली आणि तशीच परत आली. म्हणाली, "तुमचा पुतळा चौकात दिसत नाई." मी उठून बसलो. मग धोतर सावरत अनवाणी पळालो.

शिवेवर नाल्याच्या काठी सगळं गाव होतं. नुकतं उजाडलं होतं. मधोमध तो उभा होता. पोती फाडलेली, गळ्यात खेटरांची माळ, एका मोठ्या तळहातावर फुटकी चाळणी, दुसऱ्यावर झाडू. छातीच्या खळग्यात डहाळ्या कोंबलेल्या. आणि त्याला तोंड होतं. कुणीतरी त्या गुळगुळीत डोक्यावर कोळशानं बटबटीत डोळे काढले होते, मिशा काढल्या होत्या आणि गेरूनं बाहेर आलेली लाल जीभ काढली होती. इतका धक्का मला त्याआधी एकदाच बसला होता, वडनेरला मामाच्या घरी बातमी आली तेव्हा.

पायाशी जाळ लागला होता. मी ओरडलो, "थांबा, थांबा! अरे पुतळा होय तो!"

"पुतळाच तं जाळून राह्यलो, मास्तर," एक जण हसत म्हणाला. "नागपूरवाल्यानं काय पेटता केला, पाहा. फक्त तोंड काढाचं भुलला व्हता, ते आमी काढलं."

सगळे हसले. मी त्याचा दंड धरला आणि ओरडलो की बडग्या नाही हा, हा चौकात बसवायचा पुतळा, गोळी लागली त्याचा, मावशीच्या पोराचा.

माझा आवाज चिरका आहे. शेवटच्या ओळीतल्या पोरापर्यंत तो पोचतो. तेव्हाही पोचला. गलका पुढून मागं शांत होत गेला. आणि मग मला मावशी दिसली. जाळाच्या अगदी जवळ होती. तिची डहाळी आत्ताच तिनं आगीत टाकली होती, हात अजून पुढंच होता. आम्हा सगळ्यांसारखी तीही घरातून ओरडत आली होती, घेऊन जाय, सगळी पिडा घेऊन जाय.

कुणीतरी नाल्यातलं पाणी आणायला धावलं. पण बांबू फुटायला लागले होते, तणस धडधडून पेटलं, प्लास्टर खपल्या होऊन गळायला लागलं. ते कोळशाचं तोंड तिच्या डोळ्यांदेखत तडकलं आणि आत पडलं. ती रडली नाही. जाळाकडे बघत उभी राहिली. बायांनी तिला धरायचा प्रयत्न केला तर तिनं त्यांचे हात बाजूला केले. माणसं पायांतल्या वहाणा काढून उभी राहिली. काय करावं ते कुणालाच समजत नव्हतं.

शिल्पकार धावत आला तेव्हा अर्ध्याहून जास्त संपलं होतं. मालगुजार त्याच्यामागं धापा टाकत आले. तो पोरगा जाळाभोवती एक फेरी फिरला. मग मला म्हणाला, "माझं काम आजवर एवढ्या माणसांनी खांद्यावर घेतलं नव्हतं." मला वाटलं तो हसतो आहे, पण त्याचे ओठ थरथरत होते. दुपारी मालगुजारांनी स्वतःच्या छकड्यातून त्याला आर्वीला पोचवलं. तो पुन्हा आला नाही. मी लिहिलेल्या दोन पत्रांना उत्तरही आलं नाही, आणि ते बरोबरच होतं. पुढच्या आठवड्यात समितीची शेवटची बैठक झाली. ओव्हरसियरचा खांब मंजूर व्हायला पानाचा विडा संपेपर्यंतही वेळ लागला नाही.

पण पुतळा जळाला त्या दिवशी दुपारनंतर मी पुन्हा शिवेवर गेलो. घरात बसवेना. मावशी तिथंच होती. राखेच्या कडेला बसली होती आणि तिच्या मांडीवर प्लास्टरचा एक तळहात होता, काळा पडलेला, पण शाबूत. मी समोर बसलो.

ती म्हणाली, "त्याले तोंड काऊन नव्हतं, बाबू?"

मी राखेतली एक काडी उचलून मोडली.

"लोक म्हणे, कोरंच व्हतं. त्यायनं कोयशानं काढलं." तळहातावरची राख तिनं पदरानं पुसली. "मले वाटलं, तू त्याले सांगतलं असंल. तुले आठवत असंल म्हणून मी तुह्या मागं लागली व्हती." मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मले त्याचं तोंड आठवत नाई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"पयले दिसे. डोये मिटले का दिसे. मंग पुसत पुसत गेलं. आता किती बी आठवलं तं दिसत नाई. मायले पोराचं तोंड आठवत नाई, हे कोणाले सांगू? म्हटलं चौकात बसंन तं रोज जाऊन पाहीन."

मलाही आठवत नाही, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. ते माझ्या जिभेवर आलं आणि मी गिळलं. तिची शेवटची आशा आपण कशी काढून घ्यायची, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर धीर नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी एक चेहरा काढला. मनचा काढला. तरुण पोराचा काढतात तसा, रुंद कपाळ, थोडं हसू, मिसरूड. खोटा होता, पण देखणा होता. तिला खरं-खोटं कळणार नाही, हे मला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असताना मी तो घेऊन तिच्या दारात गेलो. ती चुलीपाशी होती. हात पुसून तिनं कागद घेतला आणि दाराच्या उजेडात धरला. खूप वेळ पाहिला.

"हे कोण होय?" ती म्हणाली.

तिनं कागद आणखी उजेडाकडे नेला.

"त्याचे कान असे नाई. त्याचा डावा कान खालून फाटका व्हता. लहान असतानी बाळी व्हती, खेळता खेळता एका पोट्ट्यानं ओढली. दोन पाळ्या लटकत." ती थांबली. स्वतःच दचकली होती. "हे मले कसं आठवलं?"

आणि मलाही आठवलं. दोन पाळ्यांचा तो कान चार वर्षं माझ्यासमोर वीतभर अंतरावर होता. त्यावर अडकवलेली पेन्सिल, मानेवरचा केसांचा भोवरा, सदऱ्याच्या गळपट्टीचं ठिगळ. मी मागं बसायचो. चार वर्षं मी त्याची पाठ पाहिली होती, चेहरा नाही. मी चेहरा विसरलो नव्हतो, माझ्याजवळ तो कधी नव्हताच.

मग मी सगळं सांगितलं. हे तोंड मनचं आहे, मलाही त्याचं तोंड आठवत नाही, इतके दिवस तुला बनवलं, सगळं. सांगताना मी रडलो, आणि ती माझ्यावर रागावली नाही याचंच मला जास्त वाईट वाटलं. तिनं फक्त तो कागद माझ्या हातात परत दिला.

मी तो उलटा केला. खिशातली पेन्सिल काढली आणि उंबऱ्यावर बसून कोऱ्या बाजूला जे खरं ठाऊक होतं तेवढं काढलं. मान, भोवरा, ठिगळ, खांदे, फाटका कान, कानावर पेन्सिल. पाठमोरा पोरगा. पेरू आणि लोट्याशिवाय मला काही काढता येत नाही असं सगळे म्हणत, पण त्या दिवशी माझा हात एकदाही अडला नाही.

तिनं कागद पुन्हा उजेडात धरला. एका बोटानं कानाच्या दोन्ही पाळ्या हळूच चाचपल्या.

"त्या दिवशी मी इथीच भाकर थापत व्हती," ती म्हणाली. "म्हटलं, खाऊन जाय. हो म्हणे, येतो. असाच गेलता. मागं पाह्यलंच नाई."